जाणता मृग

वाळवंट म्हटले की आपल्या मराठी मनासमोर जे चित्र उभे राहते ते बहुधा शाळेतील भूगोलाच्या पुस्तकातून आलेले असते. वाळूच्या टेकड्या, उंटांचा तांडा आणि क्षितिजावर दोन खजुरीची झाडे यांपलीकडे त्या चित्रात फारसे काही नसते, आणि म्हणून अमेरिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील सोनोरन वाळवंटात जो मनुष्य प्रथम पाऊल टाकतो त्याला आपण भलत्याच ठिकाणी उतरलो की काय अशी शंका आल्यावाचून राहत नाही. ॲरिझोना राज्याचा दक्षिण भाग, कॅलिफोर्नियाची एक कड आणि मेक्सिकोतील सोनोरा प्रांत मिळून सुमारे एक लाख चौरस मैलांचा हा मुलूख आहे. वाळू येथे आहे, पण बहुतेक ठिकाणी ती ओढ्यांच्या कोरड्या पात्रांत. बाकी बहुतेक मुलखात काट्याचे राज्य. चाळीस-चाळीस फूट उंच वाढणारे आणि पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षे घेणारे सवारो निवडुंग, हिरव्या खोडाची पालो व्हेर्देची झाडे, अंगाला चिकटल्यावाचून न राहणारा चोया, वेताच्या छड्या जमिनीत रोवाव्यात तशी उभी ओकोतीयोची झुडपे, आणि ज्याच्या दूरच्या भावंडाला आपल्या दुष्काळी तालुक्यांत वेडी बाभूळ म्हणतात तो मेस्कीट. टूसॉन शहराला वर्षाकाठी अकरा-बारा इंच पाऊस मिळतो आणि तोही दोन हप्त्यांत, थोडा हिवाळ्यात झिमझिम आणि उरलेला उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मेघगर्जनेसह. माणदेशाच्या माळावर ज्याचे बालपण गेले त्याला हा प्रदेश परका वाटत नाही; उलट, निवृत्तीनंतर मुलाकडे राहावयास आल्यावर मला येथे पहिल्यांदा घरच्यासारखे वाटले ते या काट्यांमुळेच.

या काटेरी पसाऱ्यात हरीण राहते ही गोष्ट ऐकून पटते, परंतु डोळ्यांना पटत नाही. येथील हरणाला खेचराच्या कानांवरून म्यूल डिअर असे नाव पडले आहे, आणि ते कान खरोखरच एवढे मोठे व एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरणारे असतात, की प्राणी झोपलेला असला तरी त्याचे कान पहाऱ्यावर असतात. आपल्याकडील चिंकारा किंवा काळवीट यांची शिंगे जन्मभराची सोबती. या हरणाच्या नराची शिंगे मात्र आपल्या चितळ-सांबरांच्या शिंगांप्रमाणे दरसाल गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. वसंतात गळतात, उन्हाळाभर मखमली आवरणाखाली रक्तावर पोसली जातात, भाद्रपदाच्या सुमारास ते आवरण झुडपांवर घासून काढले जाते, आणि मग दुबेळक्यातून पुन्हा दुबेळके फुटलेला तो मुकुट घेऊन नर हिवाळ्याला सामोरा जातो.

परंतु मला ज्याविषयी लिहावयाचे आहे तो केवळ नर नव्हे. तो जाणता नर होय. पाच-सहा हिवाळे पाहिलेला, दुष्काळ सोसलेला, पहाडी सिंहाच्या पंजातून निसटलेला, बंदुकीचा आवाज ओळखणारा असा जो प्रौढ मृग, त्याची गोष्ट इतर हरणांहून इतकी वेगळी आहे की जणू तो निराळ्याच जातीचा प्राणी असावा. नवशिका मनुष्य त्याचे वय शिंगांवरून ठरवावयास जातो आणि फसतो, कारण शिंगांचा विस्तार वयाइतकाच त्या साली पडलेल्या पावसावर आणि मिळालेल्या चाऱ्यावर अवलंबून असतो. अवर्षणाच्या साली म्हाताऱ्या नराची शिंगे तोकडी राहतात आणि सुकाळात एखादा तरुण पोर मोठ्या इतमामाने मिरवतो. वय वाचायचे ते शरीरावर. मान जाड होऊन खांद्यात मिसळलेली, पाठ किंचित खोलगट, पोट ओघळलेले आणि त्यामुळे पाय आखूड भासणारे, नाकाचा उंचवटा गोलाकार आणि चेहरा पांढुरका. ही लक्षणे जुळली म्हणजे समजावे की समोर घरातला कर्ता पुरुष उभा आहे. दुष्काळी भागातील शेतकऱ्याची ऐपत त्याच्या पागोट्यावरून ठरवू नये हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. शिंगांना भुलणाऱ्या शिकाऱ्याला मात्र ते समजायला अनेक हंगाम जावे लागतात.

हे सर्व मला शिकवले ते शेजारच्या घरात राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी. तांब्याच्या खाणीत त्यांची हयात गेली, आणि खाणीबाहेरची हयात बंदूक व दुर्बीण घेऊन डोंगरांत गेली. ज्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय मिटवला त्या देशातून मी आलेला, त्यामुळे त्यांच्या छंदाविषयी आरंभी माझ्या मनात जी अढी होती ती मी लपवली नाही, आणि त्यांनीही ती दूर करण्याचा प्रयत्न केला नाही. त्यांनी मला फक्त त्यांच्या सरकारचा कारभार समजावून सांगितला. राज्याचे जुन्या परगण्यांसारखे विभाग पाडलेले आहेत. प्रत्येक विभागात किती हरणे मारू द्यावयाची याचा आकडा वन्यजीव खाते दरसाल ठरवते. त्यासाठी अर्ज मागवले जातात, अर्जांची सोडत निघते, आणि ज्याची चिठ्ठी निघत नाही त्याच्या नावे पुढील सालासाठी एक जादा संधी दप्तरात जमा होते. चांगल्या विभागाचा परवाना मिळण्यासाठी माणसे वर्षानुवर्षे अर्ज करीत राहतात. मारलेल्या जनावराला परवान्याची चिठ्ठी बांधावी लागते, आणि खाण्याजोगे मांस वाया घालवणे हा गुन्हा आहे. शिवाय 1937 च्या एका केंद्रीय कायद्यान्वये शिकारीच्या बंदुका आणि काडतुसे यांवर जो अकरा टक्के कर बसतो, त्याची रक्कम वन्यजीवांच्या रक्षणासाठी राज्यांना वाटली जाते. हत्येच्या सामानावरील जकातीतून जीवनाची तरतूद करणारी ही व्यवस्था मला अजूनही संपूर्ण पचलेली नाही, परंतु ती ढोंगी आहे असे मात्र म्हणवत नाही.

नोव्हेंबरातील पहाट येथे चांगलीच बोचरी असते. अंधारातच टेकडी चढून बसावयाचे, कारण उजाडल्यावर टेकडीवर चढणारा मनुष्य मैलभर दूरच्या प्रत्येक प्राण्याला आपली वर्दी देतो. अशा एका पहाटे पश्चिमेकडे कललेल्या नक्षत्राकडे बोट दाखवून शेजाऱ्यांनी मला सांगितले की तो ओरायन, तो शिकारी, त्याच्या कमरेचा तो पट्टा. मी म्हटले, आमच्याकडे ते नक्षत्र म्हणजे मृग. चार तारे हे त्याचे चार पाय, तुमचा कमरपट्टा हा त्याच्या देहात रुतलेला बाण, आणि खाली तो तेजस्वी तारा आहे ना, तो व्याध. ते बराच वेळ वर पाहत राहिले आणि मग म्हणाले, म्हणजे तुम्ही लोक पहिल्यापासून हरणाच्या बाजूचे. मी त्यांना सांगितले नाही की याच तारकापुंजाच्या आधारे वेदांचा काळ ठरवणारा ‘ओरायन’ नावाचा ग्रंथ लोकमान्य टिळकांनी 1893 साली इंग्रजीत लिहिला. त्या थंडीत तेवढा विस्तार शक्य नव्हता.

उजाडू लागले की सूर्य पाठीशी घेऊन बसावयाचे आणि तिपाईवर बसवलेली दुर्बीण समोरच्या उतारावर लावावयाची. पंधरापट मोठे दाखवणारी ही दुर्बीण हातात धरली तर श्वासाबरोबर सारे जग हलते, म्हणून तिपाई. आणि तिपाई म्हणून बैठक, कारण या शिकारीत पायांपेक्षा बुडाला काम अधिक. बैठकीची जागाही वाऱ्याला विचारून ठरवावी लागते. सकाळी थंड हवा उतारावरून खाली ओघळते, ऊन तापले की तीच हवा वर चढू लागते, आणि मनुष्याचा वास ज्या दिशेला गेला त्या दिशेचे हरीण पुन्हा त्या दिवशी दिसत नाही. एकदा बसले की समोरचा डोंगर पट्ट्यापट्ट्याने, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, सावकाश वाचीत जायचे. नवख्याचा घोटाळा असा होतो की तो हरीण शोधतो, आणि पूर्ण हरीण कधीही दिसत नाही. सूप पुढ्यात घेऊन तांदूळ निवडणारी बाई ज्याप्रमाणे एकेक दाणा पाहत नाही, तर दाणा नसलेली वस्तू तिच्या नजरेला टोचते, त्याप्रमाणे येथेही जे झुडूप नाही ते टोचावे लागते. उभ्या खोडांच्या गर्दीत एखादी आडवी रेघ, म्हणजे कदाचित पाठ. करड्या रंगात एक पांढरा ठिपका, म्हणजे कदाचित पार्श्वभाग. वारा नसताना हललेले एक पान, म्हणजे कान.

मला पहिला जाणता नर दिसला तो सकाळी दहाच्या सुमारास, जेव्हा दुर्बिणीत डोळे घालून घालून कपाळ दुखू लागले होते आणि माझ्या दृष्टीने त्या उतारावर एकही सजीव वस्तू नव्हती. शेजारी म्हणाले, आता सावल्या सरकतील, लक्ष ठेवा. पहाटे चरून झालेली हरणे झाडाच्या सावलीत बसतात, आणि सूर्य वर चढून ती सावली त्यांच्या अंगावरून निघून गेली की त्यांना उठून जागा बदलावी लागते. तो क्षणभराचा उठण्याचा काळ हा शिकाऱ्याचा दुसरा मुहूर्त. एका पालो व्हेर्देखाली मी ओकोतीयोची वाळकी काडी समजून जी वस्तू तासभर डोळ्यांखालून घातली होती, ती काडी हळूच वळली. मग तिच्या खाली एक कान फडफडला. मग झाडाखालचा दगड उभा राहिला, पुढचे पाय ताणून त्याने आळस दिला, चारसहा पावले चालून तो त्याच झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि पुन्हा दगड झाला. एवढा सगळा प्रकार अर्ध्या मिनिटात आटोपला. तेवढ्या अवधीत मला त्याची जाड मान, ओघळलेले पोट आणि राखाडी चेहरा स्पष्ट दिसला, आणि तो पहाटेपासून तेथेच, आमच्या समोर, उघड्यावर बसलेला होता हेही समजले. आम्ही ओढ्याने वळसा घालून त्याच्याकडे जाईपर्यंत वारा फिरला. झाडाखाली त्याची बैठक उबदार होती, जमीन खुरांनी उकरून बशीसारखी खोल केलेली होती, आणि तो नव्हता.

शेजाऱ्यांचे म्हणणे असे की तरुण नर पळताना चारही पाय एकदम उचलीत उसळ्या घेतो आणि खिंडीच्या माथ्यावर थांबून हटकून मागे वळून पाहतो, आणि त्या वळून पाहण्यातच बहुतेकांचा घात होतो. म्हातारा नर वळून पाहत नाही. मला त्या वेळी शाकुंतलाच्या पहिल्या अंकाची आठवण झाली. दुष्यंताच्या रथापुढे धावणारा आणि मान वळवून पुनःपुन्हा पाठलागाकडे पाहणारा तो मृग कालिदासाने इतका सुंदर रंगवला आहे की त्याच्या वयाचा विचार करण्याचे आजवर आपल्याला कधी सुचलेच नव्हते. या वाळवंटातील न्यायाने पाहता तो पोरसवदा असला पाहिजे. जाणत्याला पळावयाचेही फारसे कारण पडत नाही. मनुष्य पंचवीस पावलांवरून निघून जाईपर्यंत मान जमिनीला टेकवून बसून राहणे, ही त्याची खरी विद्या.

गोंगाटाने हरीण सापडत नाही, याचा एक मोठा आणि काहीसा विनोदी दाखला याच राज्याच्या इतिहासात आहे. ग्रँड कॅन्यनच्या उत्तर कडेवर कैबाब नावाचे अरण्यमय पठार आहे. 1906 साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते राखीव शिकारक्षेत्र म्हणून जाहीर केले, हरणांना अभय मिळाले आणि त्यांना खाणाऱ्या पहाडी सिंहांची, लांडग्यांची, कोयोटींची सरकारी खर्चाने कत्तल सुरू झाली. हरणे वाढली आणि चारा संपून उपाशी मरू लागली. नेमकी किती वाढली आणि किती मेली यावर पुढे विद्वानांनी बरेच वाद घातले, पण उपासमार झाली यावर दुमत नाही. तेव्हा 1924 च्या डिसेंबरात एका उत्साही गृहस्थाने तोडगा काढला की हाका घालून हजारो हरणे दरीत उतरवावी आणि कोलोरॅडो नदी पोहायला लावून दक्षिण काठावर न्यावी. घोडेस्वार जमले, पायी माणसे जमली, गुरांच्या गळ्यातील घंटा आणि पत्र्याचे डबे जमले, झेन ग्रे हा त्या काळचा लोकप्रिय कादंबरीकारही हजर झाला. ऐन वेळी बर्फाचे वादळ आले. माणसांची रांग पुढे सरकली आणि हरणे त्या रांगेतूनच शांतपणे मागे निघून गेली. पलीकडच्या काठावर एकही हरीण पोहोचले नाही. झेन ग्रेला त्यातून एक कादंबरी मिळाली, एवढीच काय ती त्या मोहिमेची प्राप्ती. हरणे कमी करण्याचा केंद्र सरकारला अधिकार आहे की राज्याला, हा तंटा मग सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1928 साली निकाल केंद्राच्या बाजूने लागला. राज्याचे गव्हर्नर त्यात पक्षकार होते आणि त्यांचे आडनाव हंट, म्हणजे शिकार, असे होते. हे मी पदरचे सांगत नाही.

पहाडांतील ओकवृक्षांच्या पट्ट्यात आणखी एक धाकटे हरीण राहते. इलियट कूज या लष्करी वैद्याचे नाव त्याला मिळाले आहे आणि त्याचा पूर्ण वाढलेला नरही शंभर पौंडांच्या आसपासच भरतो. 1902 साली जन्मलेला आणि टूसॉनच्या विद्यापीठात काही वर्षे अध्यापन केलेला जॅक ओकॉनर हा शिकारलेखक या छोट्या हरणावर जीव टाकीत असे. मला मात्र मोठ्या कानांचे सखल वाळवंटातले हरीणच अधिक मोलाचे वाटते, कारण डोंगरात लपायला आडोसा तरी आहे.

डिसेंबर-जानेवारीत हा जाणता नर आपली सारी जाण गमावून बसतो. एरवी एकटा, एरवी रात्री फिरणारा तो माजावर आला की माद्यांच्या मागे भर दुपारी उघड्या मैदानात मैलोन् मैल हिंडतो. इतर प्रांतांतील त्याच्या जातभाईंपेक्षा हा हंगाम येथे उशिरा येतो आणि त्याचे कारण पाऊस आहे: सात महिन्यांच्या गर्भारपणानंतर पाडसे जन्मतात ती जुलै-ऑगस्टात, जेव्हा उन्हाळी मेघ फुटलेले असतात आणि आईला दूध येण्याजोगा कोवळा पाला वाळवंटाने धरलेला असतो. आमच्या गावी शेतकरी मृग नक्षत्राच्या पावसावर पेरणी धरतात. येथे खुद्द मृगाने आपली पेरणी पावसावर बेतलेली आहे.

पाणी हेच येथील सर्व कारभाराचे मूळ. 1940 च्या दशकापासून वन्यजीव खात्याने रानात ठिकठिकाणी पावसाचे पाणी उतरणीवर गोळा करून भूमिगत टाक्यांत साठवण्याची तजवीज केली, आणि कडक अवर्षणात त्या टाक्यांत वाहनांनी पाणी नेऊन ओतले जाते. या टाक्यांनी हरणांचे किती भले झाले याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही, परंतु माणसाची बुद्धी कशी बिघडते हे मात्र त्यांनी दाखवून दिले. जेथे पाणी मोजके तेथे प्राणी येणारच, तेव्हा टेकडीवर थंडीत कुडकुडत बसण्यापेक्षा पाणवठ्यावर हालचाल टिपणारा कॅमेरा बांधून घरी झोपावे, ही युक्ती लोकांना सुचली. एकेका पाणवठ्याभोवती कॅमेऱ्यांची दाटी झाली, आणि तहानलेल्या जनावराच्या प्रत्येक घोटाची नोंद कोणाच्या तरी हातातील पडद्यावर होऊ लागली. अखेर शिकारीच्या कामी असे कॅमेरे वापरण्यास 1 जानेवारी 2022 पासून राज्यभर मनाई झाली. त्यावर पुष्कळ शिकारी नाराज झाले. शेजारी खूश झाले, आणि शिकारीच्या बाबतीत सरकारी हुकमावर मीही खूश झालो असे तेवढे एकदाच घडले. ज्याला शोधण्याची विद्या नको, केवळ सापडलेली वस्तू हवी, त्याने बाजारातून मांस आणावे.

पुढे एका हंगामात त्यांना असाच एक नर मिळाला. मी बरोबर होतो. गोळीविषयी मला काही लिहावयाचे नाही; ती एका क्षणाची बाब होती आणि त्या क्षणी मी डोळे मिटले होते. नंतर शेजाऱ्यांनी त्या नराचा जबडा उघडून मला दाढा दाखवल्या. तरुण हरणाच्या दाढांना धारदार कंगोरे असतात. याच्या दाढा झिजून सपाट झाल्या होत्या, पांढऱ्या दंतवल्काच्या कडा बारीक उरल्या होत्या आणि मधला तपकिरी भाग रुंद पसरला होता. सवारोच्या सावलीत घालवलेली सगळी वर्षे, चावलेला सगळा काटा आणि काट्यावरची सगळी धूळ त्या जबड्यात नोंदलेली होती. आणखी दोन हिवाळ्यांत त्याला चारा चावणे कठीण झाले असते असे ते म्हणाले. मी त्याला समर्थन मानले नाही आणि त्यांनीही ते तसे सांगितले नव्हते.

मारणाऱ्याने मारलेल्याशी कसे वागावे, याचा विचार या भूमीत बंदुकीच्या फार आधी झालेला आहे. मेक्सिकोतील छळाला कंटाळून सरहद्द ओलांडून आलेले याकी लोक टूसॉनजवळ पास्कुआ येथे वस्ती करून आहेत. 1978 साली त्यांना अमेरिकन सरकारची मान्यता मिळाली. त्यांच्या उत्सवांत हरणाचे नृत्य होते. नर्तकाच्या मस्तकावर हरणाचे खरे शीर बांधलेले, हातांत भोपळ्याचे खुळखुळे, पोटऱ्यांना पतंगांच्या कोशांच्या माळा, आणि साथीला पाण्यावर पालथा घातलेला अर्धा भोपळा बडवून निघणारा घुमा नाद. गाणी म्हणणारे पुरुष हरणाच्या मुखाने बोलतात, हरणाला धाकटा भाऊ म्हणतात आणि फुलांनी भरलेल्या एका अरण्याचे वर्णन करतात. त्या नर्तकाच्या मानेची एक हालचाल, कान टवकारून अर्धवट थबकण्याची, मी दुर्बिणीतून पाहिलेल्या हालचालीशी इतकी हुबेहूब जुळली की हे पाहणे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे याविषयी शंका उरली नाही. तेथेही छायाचित्रे घेण्यास मनाई आहे.

हिवाळ्यात आपल्याकडील पुष्कळ आईवडील मुलाबाळांना भेटण्यासाठी फिनिक्स-टूसॉनकडे येतात, ग्रँड कॅन्यन पाहून होतो, मंदिर पाहून होते, आणि मग उरलेले महिने करमत नाही अशी तक्रार माझ्या कानांवर येते. त्यांना माझी शिफारस अशी की कोणाकडून तरी एक चांगली दुर्बीण मागून घ्यावी, टूसॉनच्या सवारो राष्ट्रीय उद्यानात सूर्योदयाच्या सुमारास जावे, सूर्य पाठीशी घेऊन एखाद्या चढावर सतरंजी टाकावी आणि दहा वाजेपर्यंत बोलू नये. उद्यानात शिकारीला बंदी असल्याने तेथील जाणते नर थोडे बेफिकीर झालेले आहेत. परवान्याची सोडत नाही, अर्ज नाही. प्रवेशशुल्क तेवढे भरावे लागते.